पायसाचा वाटा

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी तासगावच्या मंडपात स्वानंदी देवस्थळी रुक्मिणीच्या लग्नाचं आख्यान रंगवत होती. रुक्मिणी देवीच्या देवळातून बाहेर आली, समोर रथ उभा राहिला, कृष्णानं हात पुढं केला, आणि ऐन त्या क्षणी स्वानंदीच्या उजव्या पावलात दाभण खुपसल्यासारखी कळ आली.

चिपळ्या थांबल्या नाहीत. चेहऱ्यावरचं हसूही ढळलं नाही. पण मागं तबल्यावर बसलेल्या निसारचाचा सतारमेकरांनी ओळखलं, की पोरीनं पाय बदलला. त्यांनी ठेका अलगद सैल केला. श्रोत्यांना वाटलं, रथ वळण घेतोय. टाळ्या पडल्या, रुक्मिणी रथात चढली, आणि कीर्तन संपल्यावर स्वानंदी चाचांच्या खांद्याचा आधार घेत गाडीत चढली.

दोन हजार चाळीस साल उलटून गेल्यावर कीर्तनाला कोण जातं, असं कुणी विचारील. लोक जात होते, आणि झुंडीनं जात होते. घराघरांत यंत्रं गोष्टी सांगत होती. ज्याला जशी हवी तशी, हव्या त्या आवाजात, हवा तो शेवट जोडून. असं बरीच वर्षं चाललं आणि मग माणसांना एक निराळीच भूक लागली. कुणीतरी समोर उभं राहून, घाम गाळून, क्वचित चुकून आणि चूक सावरून आपल्याला गोष्ट सांगावी, अशी. नारदांची गादी पुन्हा गजबजली. मिरजेचे मंदारबुवा देवस्थळी साठीकडे झुकले तेव्हा त्यांच्या लेकीच्या कीर्तनांची तारीख मिळवायला लोकांना वशिला लावावा लागत होता.

हाडाच्या डॉक्टरांनी पावलाचं चित्र काढलं. हाडाला केसाएवढी चीर होती. "सव्वीस वर्षांच्या मुलीचं हाड कीर्तनात उड्या मारून चिरत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी तिला डॉ. क्षिप्रा लठ्ठ्यांकडे धाडलं. लठ्ठे डॉक्टर संप्रेरकांच्या तज्ज्ञ. शरीराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याला निरोप नेणारी जी सूक्ष्म रसायनं असतात, त्यांचा हिशेब त्या लावत.

बरोबर आई होती, स्नेहलताई. डॉक्टरांनी पायाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाळी शेवटची कधी आली?"

स्वानंदीनं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे.

"गेल्या वर्षी. गणपतीच्या आधी."

"म्हणजे सव्वा वर्ष झालं! आणि कुणालाच दाखवलं नाही?"

"त्रास काहीच नव्हता ना," स्वानंदी म्हणाली. "उलट सोयच झाली. रोजची कीर्तनं, रोजची देवळं."

"हात दे बघू. बर्फ झालाय नुसता. केस गळतात? जिना चढताना दम लागतो? थंडी इतरांपेक्षा जास्त वाजते?"

स्वानंदीनं तिन्ही वेळा मान हलवली. केस गळतात ते पाण्यानं, दम लागतो तो जागरणानं, थंडी वाजते ती थंडी आहे म्हणून, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"आता रक्त घेऊ. पहिली तपासणी गरोदरपणाची."

स्नेहलताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अहो डॉक्टर, तिचं लग्न कुठं झालंय अजून!"

"ताई, रक्ताला लग्नपत्रिका वाचता येत नाही. पाळी थांबली की पहिला प्रश्न हाच, समोर कुणीही असो. माझ्या सासूबाईंना पन्नाशीत मी हाच विचारला होता. वर्षभर माझ्या हातचा चहा प्यायल्या नाहीत."

आई हसली, लेक हसली आणि सुई कधी टोचली ते कळलंसुद्धा नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितलं. गरोदरपण नव्हतं. थायरॉइड जरा मंद होतं, पण आजारी नव्हतं. दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी थांबते. तेही वाढलेलं नव्हतं. बीजकोशांत मोत्यांच्या सरीसारख्या गाठी नव्हत्या. काहींचा बीजांचा साठा अकाली संपतो. हिचा भरपूर होता. गर्भाशयही छान होतं.

"सगळी वाद्यं जागेवर आहेत, सुरात लावलेली आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "मग मैफल का थांबली?"

त्यांनी खणातून रुपयाएवढी एक मऊ चकती काढून स्वानंदीच्या दंडावर चिकटवली. हिचं नाव स्पंदपट्टी. पट्टीच्या पोटाशी केसाहून बारीक काटे असतात. ते कातडीखालच्या पाण्यात बुडून राहतात आणि त्या पाण्यातलं एक संप्रेरक मोजत बसतात. पूर्वी एवढ्यासाठी बाईला दिवसभर खाटेवर निजवून पुन्हापुन्हा रक्त काढावं लागे, म्हणून कुणी ते करतच नसे. आता पट्टी कानामागच्या छोट्या कर्ण्याला जोडली की तो निरोप ऐकूही येई.

"मेंदूच्या तळाशी एक इवलीशी जागा आहे," डॉक्टर सांगू लागल्या. "ती थेंबाथेंबानं एक रसायन सोडते. एकसारखं नाही हं. ठोका, मग थांबा, पुन्हा ठोका. साधारण तासा-दीड तासानं एक. तो ठोका खालच्या पीयूषिका ग्रंथीला कळतो, ती बीजकोशांना कळवते, आणि मग महिन्याचं चक्र फिरतं. धार लावून सोडलं तर चालत नाही. ठोकाच लागतो. तू तर कीर्तनकार, तुला लय काय समजावायची! हे ऐक. हा माझा, कालचा."

यंत्रानं दिवसभराचा काळ मिनिटात आवळला होता. टुण. टुण. टुण. बारक्या घंटेसारखा, संथ, ठाम.

"आणि हा तुझा."

स्वानंदीनं कान दिला. मग कर्णा हलवून पाहिला. "बिघडलाय वाटतं."

"बिघडलेला नाही. वाजवणाराच गप्प बसलाय."

जिच्या घरात जागेपणी काही ना काही वाजतच असतं, त्या मुलीला स्वतःच्या आतली ती शांतता ऐकवेना. तिनं कर्णा काढून ठेवला.

"दिवसभरात खातेस काय?"

आता मात्र स्वानंदी अभिमानानं बोलली. पहाटे नदीकाठानं धावणं, दम टिकायला हवा म्हणून. मग रियाज, पाठांतर. दुपारी एखादं केळं. कीर्तन रित्या पोटीच, ती घराण्याची शिस्त. कीर्तनानंतर कपभर दूध, राजगिऱ्याचा लाडू. शिवाय एकादशी, संकष्टी, सोमवार. चातुर्मासात एकभुक्त.

लठ्ठे डॉक्टरांनी चष्मा काढला. "आमच्या घरी पर्युषण असतं, मी स्वतः धरते. उपास मला कळतो. पण उपास धरायचा असतो तसा सोडायचाही असतो. तुझा सुटतच नाही. घरात दाणा कमी पडला की आई काय करते? आधी सणवार बंद करते, मग पाहुणे. चूल शेवटपर्यंत तेवत ठेवते. तुझ्या मेंदूनं तेच केलंय. हृदय चालू ठेवलं, गळा चालू ठेवला आणि सण बंद केला. पण हाडं त्या सणावर जगतात, बाई. ते संप्रेरक नसलं की ती पोकळ होतात."

"औषध?"

"पोटभर जेवण. कीर्तनाआधीसुद्धा. धावणं बंद. कॅल्शियम, ऊन, झोप. ठोका आपोआप परत येतो. वेळ लागेल, पण येतो."

औषध किती साधं! आणि ते घेणं किती अवघड, ते घरी आल्यावर कळलं.

मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीमागं जुनं राममंदिर आहे. तिथं रामनवमीला नऊ दिवस कीर्तन होतं आणि नऊही दिवस एकच कीर्तनकार उभा राहतो. मध्ये खंड नाही, बदली नाही. ती गादी आजवर एकाही बाईला मिळाली नव्हती. कारण कुणी उघड बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं: नऊ दिवसांत चार दिवस बाजूला बसायची वेळ आली तर? मग गेल्या उन्हाळ्यात स्नेहलताईंनी काळजीपोटी लेकीची पाळी थांबल्याचं अलकाकाकूंच्या कानात सांगितलं. अलकाकाकू भागवत म्हणजे देवळाच्या समितीच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका. काळजी त्यांच्या कानात शिरली आणि चमत्कार होऊन तोंडातून बाहेर पडली. "रामरायानं पोरीच्या वाटेतला अडसरच काढला!" दसऱ्याच्या बैठकीत गादी स्वानंदीला मिळाली. बायका तिच्या पाया पडू लागल्या.

आता तो चमत्कार म्हणजे आजार निघाला होता. आणि आजार बरा झाला, की गादी जाणार होती.

अलकाकाकू पेढे घेऊन पायाची विचारपूस करायला आल्या आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मग त्यात काय! नवमी होऊ दे. नंतर हवं तेवढं जेव."

"काकू, हाडं—"

"अगं, चार महिन्यांनी हाडं पळून जातात होय? मला विचार. मी नवमीला पाळणा म्हणायची, तुझ्याएवढी असताना. एका वर्षी ऐन बाराला मला उठवून बाजूला बसवलं. माझा पाळणा दुसरीनं म्हटला, तोही बेसूर! तुझ्यावर ती वेळ नाही, हे भाग्य समज."

त्या प्रेमानं बोलत होत्या, तीच तर अडचण होती.

बुवांचं वेगळंच. "कीर्तनाआधी जेवायचं?" ते उडालेच. "ढेकर देत नारायण नारायण म्हणायचं?"

"डॉक्टर म्हणतात, बाबा."

"डॉक्टरांना म्हणावं, भरल्या पोटी दोन तास उभं राहून गाऊन दाखवा!"

स्वानंदीनं मधला मार्ग काढला, म्हणजे कुठलाच काढला नाही. पाय बांधून घरी बसली, कीर्तनं रद्द केली, आईसमोर दोन घास खाल्ले आणि उरलेले ताटाखाली सारले. दंडावरच्या पट्टीला मात्र फसवता येईना. सकाळी कर्णा लावावा, तर आत तीच शांतता.

पौष संपता संपता बापलेक नवमीच्या आख्यानाची तयारी करायला बसले. निसारचाचा तबला जुळवत होते. बुवा सांगत होते, "हे बघ, नंदे, इथं आवाज उंच न्यायचा. यज्ञकुंडातून दिव्य पुरुष वर आला. हातात सोन्याचं पात्र. पात्रात पायस. राजानं ते घेतलं, कौसल्येपाशी गेला आणि म्हणाला..."

बुवा थांबले.

"काय म्हणाला, बुवा?" चाचांनी विचारलं. "ठेका धरू की नको?"

"म्हणाला, खा." बुवांचा आवाज एकदम खाली आला. "खा म्हणाला. हा तुझा वाटा. नंदे, देवाला राम द्यायचा होता. त्यानं राणीला उपास नाही सांगितला. खीर दिली."

स्वानंदी त्यांच्याकडे बघत राहिली. तिनंही हे आख्यान कितीदा ऐकलं होतं. वाटीतलं पायस नेहमी गाण्यात विरघळून जायचं. ते कुणीतरी खाल्लं होतं, चमचा चमचा, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

बुवा उठले आणि तरातरा स्वयंपाकघरात गेले. डब्यांचा खणखणाट ऐकू आला.

"अगं, तांदूळ कुठं असतात?"

"संसाराला तीस वर्षं झाली, आणि तांदूळ कुठं असतात!" स्नेहलताईंचं हसू ओसरीपर्यंत आलं. "व्हा बाजूला. करपवाल."

"नाही, मी करणार. तू फक्त सांग."

खीर जरा करपलीच. वेलदोडे सालासकट पडले होते. बुवांनी वाटी लेकीपुढं ठेवली. "हा तुझा वाटा."

"बाबा, आज सोमवार."

"सोमवार महादेवाचा. त्याला मी समजावतो."

चाचांनी तबल्यावर हातोडी मारायचं निमित्त करून डोळे पुसले. स्वानंदीनं वाटी संपवली, आणि बोट फिरवून चाटली.

तिथून देवस्थळ्यांच्या घरात जेवणाचं पर्व सुरू झालं. बुवा रोज लेकीच्या पंक्तीला बसत. वरणभातावर तुपाची धार, दाण्याची चटणी, दुपारी थालीपीठ, चार वाजता शिरा. चाचांच्या घरून शेवया येत. पहिले काही दिवस तिला अपराध्यासारखं वाटे. भरल्या पोटी देवापुढं उभं राहायची लाज वाटे. मग एके दिवशी जेवून रियाजाला बसली आणि वरचा षड्ज लागला तो हललाच नाही. बुवांनी दाराआडून ऐकलं. ढेकर आला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःही रियाजाआधी जेवू लागले.

माघात एका दुपारी ओसरीवर झपताल चालला होता. स्वानंदीनं कर्णा काढून तबकात उघडाच ठेवला होता. त्याचं आताशा कुणाला भानही नसे. आणि दोन आवर्तनांच्या मध्ये, अगदी हलकं—

टुण.

चाचांचे हात हवेतच राहिले. "ही सम कुणाची?"

चौघंही तबकाभोवती बसले. स्नेहलताईंच्या हातात लाटणं तसंच. बराच वेळ गेला. पोळी करपल्याचा वास आला, तरी कुणी उठेना.

टुण.

"आली!" स्नेहलताई ओरडल्या. बुवांनी दोन्ही हात जोडले, पण कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चाचा म्हणाले, "विलंबित आहे. पण वादक पक्का आहे, बुवा. जागा सोडत नाही."

मग घराला नादच लागला. भाजी निवडताना, गप्पा मारताना मध्येच टुण वाजे आणि जो कुणी जवळ असेल तो "आली!" म्हणून सांगे. भाजीवाला एकदा दचकला. फाल्गुनात ठोके दाटले, पावलातली चीर भरून आली, हात उबदार झाले. आणि होळीनंतर एका सकाळी कर्ण्यातून ठोका नाही, लांबलचक सूर उमटला. तानपुरा छेडल्यासारखा, थांबेचना.

स्वानंदीनं घाबरून डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून आधी हसणंच ऐकू आलं.

"ती लाट आहे, बीज सुटल्याची. माझ्याकडं आत्ताच दिसली. पेढे ठेव तयार. साधारण पंधरवड्यात पाळी येईल."

स्वानंदीनं भिंतीवरच्या पंचांगाकडं पाहिलं. पंधरवडा म्हणजे ऐन नवमी.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. लठ्ठे डॉक्टरांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. "लांबवता येते. ही गोळी आजपासून घेतलीस तर उत्सव पार पडेल. एकदा घेतल्यानं मोठं नुकसान होत नाही. पोट भरलेल्या बाईनं सोयीनं पाळी पुढं ढकलणं वेगळं, आणि उपाशी शरीरानं ती बंद करणं वेगळं. हे मी तुला डॉक्टर म्हणून सांगते. घ्यायची की नाही, ते तू ठरव."

स्वानंदीनं पाकीट घेतलं. घरी आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. रोज सकाळी पूजा करताना ते दिसे. रोज ती त्याच्याकडे पाही, आणि फुलं वाहून उठे.

"घेत का नाहीस?" आईनं विचारलं.

"हात जात नाही, आई. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्याशी बोलायला लागलंय. त्याला लगेच गप्प बस म्हणू?"

नवमीचा उत्सव सुरू झाला. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. स्वानंदी घरून जेवून निघे, नऊवारी नेसून उभी राही, आणि देऊळ डोलू लागे. पेठेतले तरुण, पंचक्रोशीतल्या बायका, इस्पितळातल्या, कामाची पाळी बदलून आलेल्या परिचारिका, सगळे दाटीवाटीनं बसत. आठव्या दिवशी अलकाकाकू समितीच्या लोकांना म्हणाल्या, "बघा! बाई असून एक खंड नाही."

नवव्या दिवशी सकाळी स्वानंदी न्हाणीघरातून बाहेर आली ती भिंतीला टेकून हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली. आईनं चेहरा पाहिला, धावत येऊन तिला मिठी मारली. "पहिल्या वेळी आजीनं मखरात बसवून गोड केलं होतं तुझं. आज काय करू?" असं म्हणाली आणि तिथंच थबकली. दहाला कीर्तन उभं राहायचं होतं. बाराला रामजन्म.

"कुणाला कळणार आहे?" आई कुजबुजली.

"मला," स्वानंदी म्हणाली.

देवळामागच्या कोठीच्या खोलीत अलकाकाकू सुंठवड्याची परात हलवत होत्या. स्वानंदी उंबऱ्याबाहेरच थांबली, आई-बाबा मागं. तिनं एका वाक्यात सांगितलं.

अलकाकाकूंचा हात परातीत थांबला. "आज? आजच?"

"हो."

"ती गोळी होती ना गं लांबवायची? तुझी आई म्हणाली होती."

"होती. घेतली नाही. पावणेदोन वर्षांनी आलेला पाहुणा, काकू. दारातून परत पाठवू?"

"आणि गादी?"

"गादी तुमची. कृपा झाली म्हणून मला मिळाली होती. ती कृपा नव्हती, उपासमार होती. कृपा आज झालीय. तुम्ही नाही म्हणालात तर मी मंडपाबाहेर बसून ऐकीन. पण लपवून उभी राहणार नाही."

बाहेर पेटी वाजू लागली. अलकाकाकूंनी बुवांकडं पाहिलं. "बुवा, तुम्ही उभे राहा."

बुवांनी कोपऱ्यातली झांज उचलली. "मी आज साथीला आलोय, अलकाताई. कीर्तनकार ही. आणि माझी गादी तरी कशाला? ती नारदांची. त्यांना विचारा."

"विनोद सुचतोय तुम्हाला!"

तेव्हा आजवर अलकाकाकूंसमोर कधी मान वर न केलेल्या स्नेहलताई पुढं झाल्या. "अलकाताई, रागावू नका. कौसल्यामाईला पाळी आली नसती, तर आज आपण इथं कशाला जमलो असतो?"

खोलीत नुसता सुंठीचा वास. अलकाकाकूंनी पदरानं हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

"बारा कुणासाठी थांबत नाहीत," शेवटी त्या म्हणाल्या. "जा, उभी राहा. बाकीचं मी रामाला विचारते."

स्वानंदी उभी राहिली. नमन झालं. पूर्वरंगाला तिनं पायसच घेतलं. देवाचं देणं पोटातून जातं, असं ती म्हणाली. देह रिकामा ठेवून देवाला बोलावणं म्हणजे पाहुण्याला बोलावून चूल विझवणं. मग तिनं स्वतःची गोष्ट सांगितली. पावलातली चीर, कर्ण्यातली शांतता, बाबांची करपलेली खीर. आडपडदा न ठेवता, हसत. "माझं चक्र थांबलं होतं, तेव्हा तुम्ही माझ्या पाया पडलात. ते आज सकाळी पुन्हा सुरू झालं, मायबाप. आता काय करायचं, ते तुम्ही ठरवा."

पुरुषांच्या बाजूला बरेच जण एकदम पंखे बघू लागले. बायकांच्या बाजूला आधी चिडीचूप, मग कुजबुज, मग मागून एका परिचारिकेचा मोठ्ठा आवाज, "रामकृष्णहरी!" चाचांचा ठेका तेवढा चालू होता, हलका, न घाबरता.

पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात, पायांना हात लावतात. हार घातल्याशिवाय आख्यान लावता येत नाही. आठ दिवस हा मान अलकाकाकूंचा होता. स्वानंदी चिपळ्या छातीशी धरून उभी राहिली. तबकात मोगऱ्याचा हार होता. तबकाशेजारी कुणी नव्हतं.

बुवांनी झांज हळूहळू वाजवत ठेवली. ठेक्याची आवर्तनं जात राहिली. कुणी कुणाकडं पाहीना.

मग कोठीचं दार वाजलं. अलकाकाकू आल्या. हाताला सुंठवडा लागलेला तसाच. त्यांनी तबकातला हार उचलला, गर्दीतून वाट काढत स्वानंदीसमोर आल्या आणि क्षणभर रामाच्या मूर्तीकडं वळून पाहिलं. मग हार तिच्या गळ्यात घातला. बुक्का लावला. वाकून दोन्ही पावलांना हात लावले, नुसते टेकवले नाहीत, धरले. उठताना तिच्या कानाशी तोंड नेऊन त्या दटावणीच्या सुरात बोलल्या. पण माइक स्वानंदीच्या पदराला लावलेला होता, त्यामुळं ते सगळ्या देवळानं ऐकलं.

"काही खाऊन आलीस ना गं? बारापर्यंत उभं राहायचंय."

देऊळ हसलं. पहिल्यांदा बायका, मग पंखे बघणारे, मग चाचा, मग खुद्द अलकाकाकू. स्वानंदीनं मान डोलावली, पदरानं डोळे टिपले, आणि चिपळ्या उचलल्या. चाचांनी सम दिली, बुवांनी मागून झांजेचा झणत्कार केला.

"शरयूच्या तीरी," स्वानंदीनं आवाज लावला, "अयोध्या नावाची नगरी होती..."